कुंपणाच्या भिंतीवरचा थिरथिरा

नवरात्र जवळ आलं की मी सकाळचा चहा मागच्या गॅलरीत घ्यायला लागतो. खाली कुंपणाची जुनी दगडी भिंत आहे. पलीकडे रिकामा प्लॉट, त्यात थोडं गवत, खडीचा ढीग आणि कुठल्याशा बांधकामातून उरलेले गंजके गज. पावसाळाभर तिथे चिरक आणि बुलबुल यांचंच राज्य असतं. मग एका सकाळी बारीक शीळ आणि पाठोपाठ ‘टक् टक्’ असा कोरडा आवाज येतो, आणि मी कप खाली ठेवतो. थिरथिरा आलेला असतो.

हा पक्षी चिमणीएवढाच, पण अंगाने सडपातळ. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. वजन १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवली तर जेवढा भार जाणवेल तेवढंच. नराचं डोकं, पाठ आणि छाती काळसर, पोट विटकरी. मादी मातकट तपकिरी, डोळ्याभोवती फिकट कडं. दोघांचीही शेपटी मात्र तांबडीलाल, मधली दोन पिसं तेवढी गडद.

ऑक्टोबरात आलेला नर धुळीत लोळून आल्यासारखा मळकट दिसतो. त्याच्या काळ्या पिसांच्या टोकांना तेव्हा राखाडी कडा असतात. हिवाळाभर या कडा झिजत जातात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत खालचा काळा रंग उघडा पडतो. एकही नवं पीस न येता पक्षी नवाकोरा दिसू लागतो. मला या पक्ष्याची ही गोष्ट फार आवडते.

थिरथिरा हे नाव शेपटीवरून पडलं. गजावर येऊन बसला की तो आधी अंग झटकन खाली-वर करतो, नमस्कार केल्यासारखं, आणि मग शेपटी थरथरते. ती हलवल्यासारखी वाटत नाही. ताणलेली तार छेडल्यावर कंप पावते ना, अगदी तशी. नवखे लोक चिरकाला थिरथिरा समजतात, पण चिरकाची शेपटी काळी आणि बहुतेक वेळा वर उभारलेली असते. तांबडा रंग तिच्या बुडाशी, खालच्या बाजूला. दोघेही एकाच कुळातले, आणि आपला दयाळही त्याच कुळातला.

माणसाच्या घराजवळ राहणारा म्हणून थिरथिऱ्याला माणसाळलेला म्हणतात. मला ते पटत नाही. त्याला माणसाचं काही नाही, त्याला हवा असतो दगड. हिमालयात आणि तिबेटात तो साधारण २५०० ते ५००० मीटर उंचीवर, झाडं संपतात तिथल्या उघड्या खडकाळ उतारांवर वीण करतो. लडाखच्या गावांत शेताभोवती दगड रचून केलेल्या भिंती असतात. त्यांच्या फटींत गवत, मुळं, लोकर आणि केसांचं त्याचं वाटीसारखं घरटं असतं. मादी ४ ते ६ अंडी घालते आणि जवळजवळ दोन आठवडे एकटी उबवते. पिल्लांना भरवायला मात्र नरही येतो.

युरोपात याच जातीचे पक्षी डोंगरकड्यांवरून शहरांत उतरले आणि इमारतींच्या वळचणीला, कारखान्यांच्या भिंतींत घरटी करू लागले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, त्यानंतर तिथल्या पडक्या इमारतींच्या ढिगाऱ्यांत थिरथिरे पिल्लं वाढवत होते. त्यांच्या लेखी ती उद्ध्वस्त वस्ती नव्हतीच. ती खडकाळ दरी होती, फटी आणि किड्यांनी भरलेली.

आपल्याकडेही तो अशाच जागा शोधतो. मुरमाड माळ, शेताचे बांध, पडकी तटबंदी, अर्धवट राहिलेलं बांधकाम. बसायला कमरेएवढ्या उंचीची जागा आणि खाली उघडी जमीन मिळाली की त्याचं भागतं. गजावरून तो जमिनीकडे टक लावून बघतो, टपकन उतरतो, मुंगी, भुंगेरा किंवा अळी टिपतो आणि परत गजावर. बसला की पुन्हा शेपटीची थरथर. हिवाळ्यात तो एकटाच असतो. त्या तुकड्यात दुसरा थिरथिरा शिरला, मग ती मादी का असेना, तर तो तिला हुसकावून लावतो. म्हणून पेव्हर ब्लॉक बसवून एखादं अंगण ‘स्वच्छ’ झालेलं दिसलं की माझ्या पोटात कालवतं. त्या अंगणाचा थिरथिरा जाणार कुठे?

लेह ते पुणे हे अंतर सरळ रेषेत सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर आहे. बहुतेक छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांप्रमाणे थिरथिराही हा प्रवास मुख्यतः रात्री करतो. रात्री हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्ष्यांचा धोका कमी, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. निघण्याआधी अंगात चरबी साठवलेली असते, तीच वाटेतली शिदोरी. अशा पक्ष्यांना दिशा कळते ती ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून.

पण किती उडायचं, हे कोण सांगतं? स्थलांतराच्या दिवसांत पिंजऱ्यातले पक्षीसुद्धा रात्रभर तगमगतात, फडफडत राहतात. जर्मनीतल्या पक्षीशास्त्रज्ञांनी थिरथिरा आणि थेट आफ्रिकेपर्यंत जाणारा त्याचा भाऊबंद यांचा संकर केला. थिरथिऱ्याची तगमग कमी, भाऊबंदाची जास्त आणि संकरित पिल्लांची बरोबर मधली निघाली. प्रवासाची लांबी अंड्यातूनच आलेली असते. म्हणूनच जूनमध्ये दगडी भिंतीत जन्मलेलं पिल्लू कधीही न पाहिलेल्या मुलखाकडे ऑक्टोबरच्या आत निघू शकतं.

मार्च उजाडला की आमचा नर गजावर बसून घशातल्या घशात गाणं घोळवतो. त्या गाण्यात मध्येच एक विचित्र करकर असते, मुठीत खडे चुरडावेत तशी. पंधरा दिवस हे चालतं. मग एके सकाळी गज मोकळे दिसतात, आणि उन्हं वर येईपर्यंत चिरक येऊन त्यांवर बसलेला असतो.