हरकत आणि ठराव : खान्देशातील स्थानिक नियोजनाच्या हक्कांची पार्श्वभूमी

आपल्या गावाचा किंवा गल्लीचा आराखडा कोणी आखायचा, हा प्रश्न खान्देशात राज्यघटनेच्या दुरुस्त्यांच्या कितीतरी आधीपासून विचारला गेला आहे, आणि त्याचे एक उत्तर पांझरा नदीच्या काठी काही शतके प्रत्यक्ष नांदत होते. ते उत्तर म्हणजे फड पद्धत.

नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला कालवा आणि कालव्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड, अशी तिची रचना. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात फिरवायचे, हे बागाईतदार एकत्र बसून ठरवत. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पिकाची राखण करी, हवालदार दोघांवर लक्ष ठेवी, आणि या सर्वांचा मेहनताना पिकाच्या वाट्यातून निघे. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असल्यामुळे पाणी कमी पडलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला, तरी त्याची झळ कोणा एकाच घराला बसत नसे. कोणाच्या शेतात काय पिकेल हे गावाने ठरवावे, इतका मोठा अधिकार लोकांनी आपसांत मान्य केला होता, याचे मला आजही विशेष वाटते. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि पंप आले, आणि अनेक ठिकाणी फड मोडले.

शहराची कहाणी वेगळ्या वाटेने गेली. 1818 मध्ये इंग्रजांचा अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी नव्या खान्देश जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळे निवडले. पांझरा आणि पाटाच्या मधोमध वसलेल्या त्या लहानशा गावाशेजारी नवी पेठ आखली गेली, दूरदूरचे कारागीर आणले गेले, व्यापाऱ्यांना कायमच्या बिनभाड्याच्या जागा आणि घरबांधणीसाठी आगाऊ रकमा देण्यात आल्या. सरळ रस्त्यांची ती पेठ आजही शहरात वेगळी ओळखू येते. आखणी चांगली होती. मात्र ती वरून झाली होती आणि रहिवासी तयार नकाशात येऊन बसला होता.

हाच साचा पुढच्या कायद्यांत पक्का झाला. मुंबई इलाख्याचा 1915 चा नगररचना कायदा, त्यानंतरचा 1954 चा आणि अखेरीस महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966, या तिघांतही नागरिकाचा प्रवेश आराखडा तयार झाल्यानंतरच होतो. प्रारूप विकास आराखडा राजपत्रात प्रसिद्ध होतो, नकाशा नगरपालिकेत पाहण्यासाठी ठेवला जातो आणि ठरावीक मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ज्याच्या प्लॉटवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडले किंवा ज्याच्या घरावरून डी.पी. रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता गेला, तो सातबारा किंवा मिळकतपत्रिकेचा उतारा हातात घेऊन धावतो. ज्या मोहल्ल्यात बालवाडीला, दवाखान्याला किंवा मुलांच्या खेळण्याला जागाच ठेवलेली नाही, त्या मोहल्ल्याच्या वतीने हरकत घेण्याची जबाबदारी मात्र कोणा एकाची नसते. त्यामुळे हरकतींच्या गठ्ठ्यात मालकांचे म्हणणे भरपूर असते आणि वस्तीचे म्हणणे फार थोडे असते, हा माझ्या मते या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष आहे.

गावांच्या बाबतीत 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आणि 1 मे 1962 पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा यांनी चौकट उभी केली. 1993 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. पण सातपुड्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत गट ग्रामपंचायतीची, म्हणजे अनेक गावांच्या एकाच ग्रामपंचायतीची, सभा एका गावात भरणार आणि पाडे डोंगरउतारांवर कोसांच्या अंतराने विखुरलेले असणार, अशी स्थिती होती. याच दोन तालुक्यांतील 33 गावे सरदार सरोवराच्या पाण्याने बाधित झाली. मणिबेलीसारख्या गावाचे भवितव्य ठरवणारा नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा 1979 मध्ये आला, आणि त्या निवाड्यापुढे कोणाही ग्रामसभेच्या ठरावाला कायदेशीर वजन नव्हते.

भूरिया समितीच्या शिफारशींनंतर 24 डिसेंबर 1996 रोजी आलेल्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्याने, इथे मूलभूत बदल केला. वस्ती किंवा पाडा हेच गाव होऊ शकते आणि प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा असेल, असे त्याने मानले. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके, तसेच साक्री, शिरपूर, शहादा, नंदुरबार, चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्राचे नियम मात्र 2014 मध्ये, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी आले. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय 2015 मध्ये झाला, आणि त्यानंतर पाड्यावरच्या चर्चेत पैशाचा विषय प्रथमच खऱ्या अर्थाने आला.

याच्या जोडीला 2006 चा वनहक्क कायदा उभा राहिला. शहाद्याच्या श्रमिक संघटनेपासून पुढच्या अनेक संघटनांनी जमिनीसाठी आणि जंगलासाठी दिलेल्या लढ्यांचे पाठबळ त्यामागे होते. सामूहिक दाव्यासाठी वनहक्क समिती गावकऱ्यांना घेऊन जंगलाची हद्द चालत जाते. जुनी विहीर, देवस्थान, स्मशानाची जागा, म्हाताऱ्या माणसांचा जबाब हा सगळा पुरावा धरला जातो. 2012 च्या सुधारित नियमांनी वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती घातली आणि उपस्थितांत एक तृतीयांश महिला असण्याची अट ठेवली. ग्रामसभेने केलेला जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा वन विभागाच्या आराखड्यात समाविष्ट करावा, असेही हे नियम सांगतात. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने तर या कायद्याच्या आधीच, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून, आपल्या जंगलाला कुऱ्हाडबंदी लावून स्वतः नियम केले होते. तिथल्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 2015 नंतर ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून सर्वच ग्रामपंचायतींना वार्षिक आराखडे करावे लागले.

शहरांना अशी संधी अपुरीच मिळाली. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या 4,60,228 आणि धुळ्याची 3,75,559 होती, म्हणजे दोन्ही महापालिका या तरतुदीत बसतात. पण प्रभाग समितीत बसतात ते प्रामुख्याने नगरसेवक. मतदान केंद्राच्या परिसरातील सर्व मतदारांची क्षेत्रसभा भरवण्याची तरतूद राज्याने 2009 मध्ये महापालिका कायद्यात केली. ग्रामसभेसाठी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा खेड्यातल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. क्षेत्रसभेची तारीख धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या पिंप्राळ्यात कोणाला विचारली, तर क्षेत्रसभा म्हणजे काय इथून सांगायला सुरुवात करावी लागते.