सतरा नंबर फॉर्म: दहावीचं घोडं दाखल्यापाशीच अडतं

दिवाळी झाली की कोल्हापुरात ओळखीच्या-अनोळखी बायका विचारायला लागतात, "दहावीला बाहेरून बसायचंय, फॉर्म कुठं भरायचा?" आणि दरवर्षी सांगावं लागतं, ताई, उशीर झाला. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते, म्हणून लोक थंडीत चौकशीला निघतात. सतरा नंबरची, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांच्या सतरा नंबर फॉर्मची नावनोंदणी मात्र पावसाळ्यात सुरू होते. विलंब शुल्क भरून पुढं थोडे दिवस मिळतात, पण त्या दिवसांच्या भरवशावर राहू नका. जूनपासूनच दहावी-बारावीची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

आपल्याकडचं काम कोल्हापूर विभागीय मंडळाकडं येतं. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे त्यात आहेत. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण एवढं लागतं. वयाला वरची मर्यादा नाही. बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात, अकरावी केलेली नसली तरी चालतं. अंगणवाडी मदतनीस व्हायलाही आता बारावी लागते, त्यामुळं चाळिशीतल्या बायकाही हे विचारायला येतात. त्यांना परत पाठवताना जीव तुटतो.

एक मोठी गफलत आधी सांगतो. पूर्वी शाळेतून दहावीला बसून नापास झाला असाल तर सतरा नंबर तुमच्यासाठी नाही. तुम्ही पुनर्परीक्षार्थी. जुनी गुणपत्रिका घेऊन थेट त्याच शाळेत जा, फॉर्म तिथूनच भरला जातो. सतरा नंबर आहे तो आधीच शाळा सुटली त्यांच्यासाठी.

आता दाखला. अर्ज ऑनलाइन असतो. आधार कार्ड आणि फोटो सगळ्यांकडं असतात. अडतं ते शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्यापाशी. शिरोली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एक ताई प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून दाखला घेऊन आल्या होत्या. वीसेक वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत पडलेला. उलगडला तर घडीवरच फाटला, आणि जन्मतारखेचा आकडा नेमका त्या घडीत. पोर्टलवर असला कागद चढवून उपयोग नाही. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या नोंदवहीवरून द्वितीय प्रत काढा. त्यासाठी अर्ज आणि मूळ दाखला खराब झाल्याचं किंवा हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. जाताना सातवी-आठवीचं साल आणि वडिलांचं पूर्ण नाव पाठ करून जा, नाहीतर क्लार्क चाळीस वर्षांची रजिस्टरं चाळत बसणार नाही. "साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या" हे तीन सोमवार ऐकावं लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघा. शाळा बंद पडली असेल तर जिल्हा परिषद शाळेची चौकशी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, आणि शहरातल्या पालिकेच्या शाळेची महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडं करायची.

दुसरं दुखणं नावाचं. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बायका घाबरून नावबदलाच्या गॅझेटमागं धावतात, त्यात महिने जातात आणि मुदत निघून जाते. अर्जात नाव आणि जन्मतारीख दाखल्यावर आहे तशीच भरा, स्पेलिंगसुद्धा तेच ठेवा. गुणपत्रिका माहेरच्या नावानं येईल, तर येऊ दे. पुढं नोकरीसाठी लागलं तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून काम होतं. ज्यांनी स्वतःच्या मनानं सासरचं नाव टाकलं, त्यांचे अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

फॉर्म भरताना मोबाईल नंबर आपलाच द्या. नेटकॅफेवाले घाईत त्यांचा टाकतात आणि पुढचे सगळे मेसेज त्यांच्याकडं जातात. यादीतून शाळा निवडताना घराजवळची घ्या. तोंडी परीक्षा, अंतर्गत गुण, हॉल तिकीट, सगळं त्या शाळेतूनच होतं. राधानगरीत राहून कोल्हापुरातली शाळा घेतली तर एसटीत दिवस जातो. भरलेलं शुल्क परत मिळत नाही, तेव्हा बटण दाबण्याआधी एकदा शांतपणे वाचा. प्रिंट आणि कागदांच्या झेरॉक्स घरी ठेवा.

आणि सगळ्यात जास्त जीव हळहळतो तो इथं. नावनोंदणी म्हणजे परीक्षेचा फॉर्म नव्हे! नोंदणी झाली म्हणून निर्धास्त बसलेल्या बाईला फेब्रुवारीत कळतं की आपला बैठक क्रमांकच नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो शाळेतर्फेच भरायचा, त्याचं शुल्कही वेगळं. शाळा फोन करेलच असं नाही. दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन विचारा.

पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. "पेपर आम्ही बघतो, पास करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात मात्र एक रुपया ठेवू नका.

पाचवीचाही दाखला नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा रस्ता आहे. तिथं १४ वर्षं पूर्ण असल्याचा जन्मतारखेचा पुरावा लागतो. आठवीचा दाखला नसला तर दहावीचा अभ्यास करण्याइतपत आपण शिकलो आहोत, असं स्वयंघोषणापत्र चालतं. मराठी माध्यम आहे, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा होतात, आणि नोंदणी पाच वर्षं टिकते. एकेक विषय काढत गेलं तरी चालतं. कामावर जाणाऱ्या बाईला हे जास्त सोसतं.

अक्षरओळखच नसेल तर १५ वर्षांपुढच्या कुणालाही 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात बसता येतं. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन नाव द्यायचं. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. शुल्क काही नाही.