डीप फ्रीझर, घरगुती

अन्नातील पाण्याचा बर्फ करून ते उणे १८° से. किंवा त्याखालच्या तापमानाला महिनोन् महिने टिकवण्यासाठी घरात वापरली जाणारी प्रशीतन पेटी. झाकण वर उघडणारी आडवी पेटी आणि कपाटासारखी उभी पेटी असे तिचे दोन प्रकार आहेत. थंड हवा जड असते. त्यामुळे आडवी पेटी उघडली तरी थंडावा आतच बसून राहतो, उभ्या कपाटातून मात्र तो पायाशी ओघळतो. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यालाही बोलीत ‘फ्रीझर’च म्हणतात आणि त्यातून मोठा घोटाळा होतो. एक तारा छापलेला कप्पा उणे ६°, दोन ताऱ्यांचा उणे १२° व तीन ताऱ्यांचा उणे १८° पर्यंत उतरतो. ताजे अन्न गोठवण्याची ठरावीक क्षमता फक्त चार ताऱ्यांच्या कप्प्यात असते. दारावर चिकटवलेल्या वीजबचतीच्या लेबलावरील तारे वेगळे, त्यांचा या ताऱ्यांशी संबंध नाही. डीप फ्रीझरसाठी भारतात असे वीजबचतीचे लेबल २०२० मध्ये, प्रथम ऐच्छिक स्वरूपात, आले.

पूर्वपीठिका : कृत्रिम थंडीचा पहिला जाहीर प्रयोग विल्यम कलन या स्कॉटिश वैद्याच्या नावे आहे. त्याचे वर्ष काही ठिकाणी १७४८, तर काही ठिकाणी १७५५ दिलेले आढळते. त्यावरील निबंध १७५६ मध्ये छापला गेला, एवढे निश्चित धरता येते. बाष्प दाबून पुन्हा द्रव करणाऱ्या चक्राचे पेटंट जेकब पर्किन्सने १८३४ मध्ये घेतले. त्याच सुमारास, १८३३ पासून, अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजाने कलकत्त्याला येऊ लागला होता. झटपट गोठवलेल्या अन्नाचा धंदा क्लॅरेन्स बर्ड्‌झायने १९२० नंतरच्या दशकात उभा केला. कॅनडातील लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठलेले मासे वितळल्यावरही ताज्यासारखे लागतात, हे त्याने पाहिले होते. स्वतंत्र घरगुती फ्रीझर अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला. भारतीय बनावटीचा पहिला फ्रिज गोदरेजचा, १९५८ मधला. कोल्हापूरकडच्या घरांत तोवर दुधासाठी शिंकाळे, पाण्यासाठी माठ आणि मांसासाठी मीठ-हळद लावून वाळवणे किंवा मटणाचे लोणचे घालणे हेच उपाय होते.

उणे १८° चा उगम : हा आकडा निसर्गनियमातून आलेला नाही. शून्य अंश फॅरनहाइट म्हणजे उणे १७.८° से. आणि त्याचेच हे पूर्णांकी रूप. मग फॅरनहाइटचे शून्य कुठून आले, याविषयी मतभेद आहेत. फॅरनहाइट या शास्त्रज्ञाच्या १७२४ च्या लेखात बर्फ, पाणी आणि नवसागर किंवा समुद्री मीठ यांच्या मिश्रणाचा उल्लेख आहे. पण नवसागराचे मिश्रण उणे १५-१६° च्या आसपास थांबते आणि साध्या मिठाचे उणे २१° पर्यंत उतरते. शून्य फॅरनहाइट या दोहोंच्या मध्येच कुठेतरी पडते. (पॉटच्या आइस्क्रीमसाठी बर्फात जाडे मीठ घालणाऱ्या घरांत याच मिश्रणाचा अनुभव आहे.) डान्झिगच्या (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) १७०८-०९ च्या हिवाळ्यातील सर्वांत थंड दिवस त्याने शून्य मानला, ही दुसरी कथा लोकप्रिय आहे. तिला आधार कमी. फॅरनहाइट १७०८ मध्ये कोपनहेगनला ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाला भेटला होता. रोमरच्या मापश्रेणीतील अंशांची चौपट करून, पुढे थोडी दुरुस्ती करून त्याने आपली श्रेणी बेतली, असे त्याच्याच पत्रावरून दिसते. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अमेरिकी अन्नउद्योगाने साठवणीसाठी हा सोयीचा शून्य उचलला. कॅलिफोर्नियातील अल्बनी येथील शासकीय प्रयोगशाळेने १९५० च्या आगेमागे वेगवेगळ्या तापमानांना गोठवलेले अन्न किती काळ चांगले राहते याची दीर्घ परीक्षणे केली आणि त्यांतून या आकड्याला शास्त्रीय पाठबळ मिळाले. सूक्ष्मजंतूंची वाढ साधारण उणे १०° खाली जवळजवळ थांबते. चरबी खवट होणे व विकरांचे (एन्झाइमांचे) काम उणे १८° लाही मंदगतीने चालूच असते. म्हणजे उणे १८° ही जंतूंपासून संरक्षणाची काटेकोर रेघ नव्हे. चव आणि वीजखर्च यांचा मेळ घालणारा तो संकेत आहे. २०२३ पासून मालवाहतुकीसाठी उणे १५° पुरे, असा विचार पुढे आला आहे. घरगुती पेटीचे झाकण दिवसातून अनेकदा उघडते, तेव्हा घरात उणे १८° वर ठाम राहणेच बरे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त निपचित पडतात. वितळताच ते पुन्हा वाढू लागतात. फ्रीझरच्या सुरक्षित वापराचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

उष्णतेचा हिशेब : ३०° से. चे एक किलो पाणी शून्यावर आणण्यासाठी सुमारे १२६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. शून्यालाच त्याचा बर्फ करण्यासाठी ३३४ आणि तो बर्फ उणे १८° ला नेण्यासाठी आणखी सुमारे ३८ किलोज्यूल. म्हणजे दोन-तृतीयांश श्रम गोठण्याच्या एका टप्प्यातच खर्ची पडतात. मांसात हा टप्पा मुख्यतः उणे १° ते उणे ५° च्या पट्ट्यात येतो. तो रेंगाळला की बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक होऊन पेशी फाटतात आणि वितळताना लाल पाणी सुटते. म्हणून एकाच वेळी पेटी गच्च भरू नये. शंभर लिटर क्षमतेमागे दिवसाला तीन ते साडेचार किलो ताजा माल पुरे. पिशव्या सपाट, दोन-तीन सेंमी. जाडीच्या करून मोकळ्या पसरवाव्यात आणि गोठल्यावरच एकावर एक रचाव्यात. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे डब्यात वर बोटभर जागा सोडावी. काचेची बाटली काठोकाठ भरू नये.

जागा व जोडणी : पेटीभोवती दहा ते पंधरा सेंमी. मोकळी जागा लागते, कारण आतून काढलेली उष्णता तिला बाहेर सोडायची असते. पत्र्याची खोली, गच्चीवरची शेड, चुलीशेजारचा कोपरा या जागा टाळाव्यात. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीकडे सरकतो. खरेदीपूर्वी पेटीवरील हवामानवर्ग पाहावा : ‘टी’ वर्ग ४३° पर्यंतच्या खोलीसाठी, ‘एन’ वर्ग ३२° पर्यंतच. वाहतुकीत पेटी आडवी झाली असेल, तर उभी करून काही तास तशीच ठेवावी. त्या वेळात कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर येते. प्लग तीन पिनांचा, सॉकेट भिंतीतले व स्वतंत्र आणि अर्थिंग तपासून घेतलेले असावे. एक्स्टेंशन बोर्डवर फ्रीझर लावू नये. मळ्यातल्या घरांत पंप सुरू होताच दिवे मंदावतात, तिथे पेटीच्या पुस्तिकेतील व्होल्टेजची मर्यादा वाचून स्टॅबिलायझर घ्यावा. वीज जाऊन लगेच आली, तर कॉम्प्रेसरला तीन ते पाच मिनिटांची उसंत मिळाली पाहिजे. रिकामी पेटी आधी चालू करून उणे १८° ला पोचू द्यावी, मग भरावी. तापमान कमीजास्त करण्याची आकड्यांची चकती एक ते सात दाखवते, ते अंश नव्हेत. आत ठेवण्याचा साधा थर्मामीटर स्वस्तात मिळतो आणि तो प्रत्येक फ्रीझरमध्ये हवाच.

मटण : कोल्हापुरात फ्रीझरचा विचार बहुधा मटणापासून सुरू होतो. रविवारची खरेदी, आखाडातली त्र्यंबोलीची यात्रा, गावची म्हाई (ग्रामदेवतेची जत्रा) या वेळी घरात मांस जास्त येते. इथे मटण नुकत्याच कापलेल्या बोकडाचे, डोळ्यांसमोर तोडून घेण्याची रीत आहे आणि नेमकी तीच गोठवण्याच्या आड येते. प्राणी कापल्यावर काही तास स्नायूंत ऊर्जा शिल्लक असते. ते ताठरून सैल पडण्यापूर्वीच १०° च्या खाली गेले, तर जोराने आकसतात आणि मांस चिवट होते. लॉकर व हॅगयार्ड या संशोधकांनी न्यूझीलंडमध्ये १९६३ साली गोमांसाच्या स्नायूंवर हे दाखवले. तिथल्या निर्यातीच्या कोकरांचे मांस कठीण का लागते, याचा उलगडा त्यातून झाला. थेट गोठवलेले ताजे मांस वितळताना तर याहून जास्त आकसते. तिथल्या कारखान्यांनी थंड करण्याआधी मांस काही काळ राखून ठेवण्याची पद्धत आणली. तापमानावर कडक नियंत्रण असल्यानेच त्यांना ते जमते. घरी मांस ओट्यावर दोन तासांहून जास्त ठेवणे धोक्याचे आहे. म्हणून मटण आणताच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून एक दिवस ठेवावे आणि मग गोठवावे, हा मध्यम मार्ग पत्करावा. थोडा चिवटपणा उरला, तरी मंद आचेवरच्या शिजण्यात तो बराच निघून जातो. न धुता, कोरडे करून, एका वेळच्या स्वयंपाकाइतक्या पिशव्या कराव्यात. हवा दाबून काढावी आणि वर तारीख लिहावी. हवा राहिली, तर बर्फाची थेट वाफ होऊन मांसावर पांढरट, वातड डाग पडतात. ते खाल्ल्याने अपाय होत नाही, चव मात्र जाते.

खिमा तीन-चार महिने, मटणाचे तुकडे सहा-आठ महिने, कोकणातून घाट चढून येणारे बांगडा-सुरमईसारखे तेलकट मासे दोन-तीन महिने चांगले राहतात. शिजवलेले पदार्थ दोन-तीन महिने. या मुदती चवीच्या आहेत. तापमान अखंड उणे १८° राहिले, तर अन्न त्यापुढेही घातक ठरत नाही.

तांबडा-पांढरा रस्सा गोठवावा का, हा नेहमीचा प्रश्न. पांढऱ्या रश्श्यातले नारळाचे दूध वितळल्यावर फुटते आणि काजू-खसखशीचे वाटण खाली बसते. त्यापेक्षा नुसते अळणी, म्हणजे मटण शिजवलेले बिनमसाल्याचे पाणी, गोठवावे. त्याला काही होत नाही आणि पुढे दोन्ही रस्से त्यावर ताजे होतात. गरम पातेले मात्र पेटीत ठेवू नये. अळणी पसरट भांड्यात ओतून, ते भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून दोन तासांच्या आत निववावे. रश्श्यातला बटाटा स्पंजासारखा होतो, तो आधी काढून घ्यावा. गंगावेशीच्या कट्ट्यावरचे म्हशीचे धारोष्ण दूध आधी उकळलेच पाहिजे. गोठवल्यास त्याची साय वेगळी पडते, चहा-खिरीला ते चालते. मटार उकळत्या पाण्यात दीड मिनिट बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत, म्हणजे विकरे निकामी होऊन रंग टिकतो. कांदा-लसूण चटणीची जागा कोरड्या बरणीत आहे. इन्सुलिन फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नये, एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

गोठलेले मांस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीवर, रात्रभर वितळू द्यावे. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. सकाळी ओट्यावर काढून ठेवण्याची सवय सोडावी. गाभा गोठलेला असतानाच बाहेरचा थर जंतूंच्या वाढीच्या तापमानाला पोचलेला असतो.

वीज जाणे व पूर : भरलेली पेटी न उघडता सुमारे ४८ तास, अर्धी भरलेली २४ तास तग धरते, असे अमेरिकी शासकीय मार्गदर्शन आहे. मे महिन्याच्या उकाड्यात आतबाहेरचा फरक वाढतो आणि उष्णता तितक्या वेगाने आत शिरते, म्हणून त्यातून काही तास वजा धरावेत. रिकाम्या जागेत पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या गोठवून ठेवणे हा उत्तम उपाय. वरच्या हिशेबातले ३३४ किलोज्यूल इथे परत कामाला येतात. एका पेल्यात पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. गावाहून परतल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले, तर मधल्या काळात माल वितळून पुन्हा गोठला, असे समजावे. मांसाच्या गाभ्यात बर्फाचे कण असतील किंवा ते ४° च्या आत असेल, तर पुन्हा गोठवता येते. दोन तासांहून जास्त काळ ४° च्या वर राहिलेले टाकून द्यावे. वास घेऊन किंवा चाखून खात्री करू नये, घातक जंतूंना वास असतोच असे नाही.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट व धोक्याची ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि अनेक भागांत वीज काही दिवस बंद राहिली. नदीकाठच्या पेठांत, शाहूपुरी-दुधाळीसारख्या भागांत पेटी वरच्या मजल्यावर किंवा उंच चौथऱ्यावर ठेवावी. पाणी इशारा पातळीला लागले, की मांस-मासे संपवायला घ्यावेत आणि पाणी घरात येण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. पुराचे पाणी लागलेले अन्न पिशवीबंद असले तरी फेकावे. पाण्यात बुडालेली पेटी वाळलेली दिसली तरी तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय चालू करू नये.

निगा : बर्फाचा थर सहा मिमी. झाला की काढावा, कारण तो थंडी अडवतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो भराभर साठतो. श्रावणात बहुतेक घरांत मांस बंद असते, तेव्हा पेटी रिकामी करून धुण्याला तो काळ सोयीचा. प्लग काढावा, झाकण उघडे ठेवावे, आत गरम पाण्याचे भांडे ठेवावे. सुरी किंवा उलथने लावू नये. अनेक नव्या पेट्यांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा ज्वालाग्राही वायू असतो. त्याचे प्रमाण घरगुती पेटीत १५० ग्रॅमपर्यंतच मर्यादित असते, तरी नळी फुटली तर ठिणगी पुरते. ‘गॅस भरणारा’ कारागीर या वायूचे काम शिकलेला आहे का, हे विचारूनच पेटी उघडू द्यावी. पूर्वीचा आर-१२ ओझोन थराला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार हद्दपार झाला. सोड्याच्या कोमट पाण्याने आतली बाजू पुसावी. झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढावी. ती सहज निसटली, तर रबर बदलायला हवे.

मोडीत काढणे : जुनी पेटी भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावी. ती परसात किंवा सोप्यात पडून राहणार असेल, तर त्याच दिवशी झाकण बिजागरीसकट काढून टाकावे. आडव्या पेटीत लपलेले मूल आतून झाकण उघडू शकत नाही. अशा मृत्यूंमुळेच अमेरिकेने १९५६ मध्ये फ्रिजचे दार आतून ढकलून उघडता आले पाहिजे, असा कायदा केला.