मॉर्गेज

कर्जाच्या हमीसाठी स्थावर मिळकतीतला हक्क धनकोकडे बांधून ठेवणे म्हणजे मॉर्गेज, मराठीत गहाण. बोलताना गृहकर्जालाच मॉर्गेज म्हणतात, ‘बँकेने मॉर्गेज दिले’ असेही ऐकू येते. कायद्यात हे नेमके उलटे आहे. बँक देते ते कर्ज. मॉर्गेज देतो तो कर्जदार. म्हणून गहाणखतात ‘लिहून देणार’ हा मिळकतीचा मालक असतो.

शब्द जुन्या फ्रेंचमधला. ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेले, ‘गेज’ म्हणजे तारण. पहिल्या पदातला ‘ट’ इंग्रजी लेखनात टिकला, उच्चारातून गेला. गेजचे मूळ जर्मॅनिक असून मजुरीचा ‘वेज’ आणि लग्नाचा ‘वेडिंग’ हे त्याचेच भाऊबंद आहेत.

तारण मेलेले का? बाराव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडचा न्यायाधीश ग्लॅनव्हिल याच्या नावावर असलेल्या कायद्याच्या ग्रंथात, याचे उत्तर मिळते. जमिनीचे उत्पन्न कर्जातून वळते होत गेले तर ते जिवंत तारण. धनको उत्पन्न खातो आणि मुद्दल जागचे हलत नाही, ते मेलेले; हा व्यवहार ग्रंथकार व्याजखोरीत धरतो. इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोकच्या 1628 च्या ग्रंथात वेगळा अर्थ आहे: कर्ज थकले तर जमीन ऋणकोला मेली, फिटले तर तारण धनकोला मेले. कोकचेच स्पष्टीकरण जास्त सांगितले जाते, पण ते नंतरच्या काळच्या गहाणाला बेतलेले आहे. शब्दाचे मर्म जुन्या अर्थातच आहे.

पुढे मुदत एका दिवसाने हुकली तरी जमीन जाऊ लागली, तेव्हा इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयाने ऋणकोला नंतरही पैसे भरून ती सोडवू दिली. ‘एकदा गहाण ते कायम गहाण’ हे तत्त्व त्यातूनच रुजले. याज्ञवल्क्यस्मृतीत याच्याशी अर्धा जुळणारा नियम आहे: मुदतीचा ‘आधि’, म्हणजे तारण, मुदत टळल्यावर बुडतो; ज्याचे फळ धनको भोगतो तो बुडत नाही.

भारतात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये गहाणाचे सहा प्रकार आहेत, कलम 60 मध्ये सोडवणुकीचा हक्क. महाराष्ट्रात हा प्रश्न त्याआधीच पेटला होता. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कागदामागचा हिशेब मुळापासून तपासायला लावले, आणि खरेदीखत म्हणून लिहिलेला व्यवहार खरे तर गहाण होता, हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची सोय पुढे त्यात झाली.