डोक्यातलं रवंथ

१७ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. ६३ माणसं गेली. जवळच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी बरोबर १४ दिवस आधी १३७ विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं, की मन खिन्न झालं की तुम्ही काय करता? भूकंपाचा काही संबंध नव्हता, निव्वळ योगायोग. १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी त्यांनी मुलांना गाठलं, तर आधीपासून रवंथ करणारी, म्हणजे तेच दुःख मनात घोळवत बसणारी मुलं जास्त खचलेली निघाली. मुळात कोण किती उदास होतं, तो हिशेब वजा करूनही.

रवंथ हा शब्द गंमत म्हणून वापरलेला नाही. इंग्रजीत या सवयीला ‘रुमिनेशन’ म्हणतात, म्हणजे गाईम्हशींचंच ते. ‘माझ्याच वाट्याला का?’, ‘तेव्हा गप्प बसलो असतो तर?’ गिळलेलं पुन्हा तोंडात. गाईचं त्यातून पचतं तरी.

ताणाचा अभ्यास तोवर पन्नासेक वर्षांचा झाला होता. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी उंदरांवर दाखवलं, की त्रास थंडीचा असो वा विषाचा, शरीर साधारण एकाच तऱ्हेनं वागतं. यात मन कुठंच नव्हतं. ते आणलं बर्कलीच्या रिचर्ड लाझारस यांनी. साठच्या दशकात ते लोकांना अंगावर काटा आणणाऱ्या फिल्म दाखवत. चित्र तेच, निवेदन वेगळं. निवेदन अलिप्त असलं की बघणाऱ्याचा ताण कमी भरे. पुढं सुसान फोकमन यांच्यासोबत त्यांनी ताणाला तोंड देण्याच्या दोन वाटा सांगितल्या: अडचणीलाच हात घालणं, किंवा तिच्यानं होणारी तगमग सांभाळणं.

चिंतेत मात्र टाळाटाळ जास्त. नको तो फोन वाजला की मोबाइल पालथा घालायचा. धडधड लगेच उतरते, आणि ही सुटकाच सवय पक्की करते. होबार्ट माउरर यांनी हे गणित १९४७ मध्येच मांडलं होतं. फोन उचलला असता तर काय झालं असतं, ते कळतच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती.

लाझारस-फोकमन यांच्यानंतर, कोण कोणत्या वाटेनं जातं ते विचारणाऱ्या प्रश्नावल्यांचं पीक आलं, आणि भावना सांभाळणारेच जास्त उदास, असं वारंवार निघू लागलं. १९९४ मध्ये अ‍ॅनेट स्टॅन्टन आणि सहकाऱ्यांनी त्यातली विधानंच तपासली. ‘मी फार अस्वस्थ होतो’ हेसुद्धा ताणाला तोंड देण्याची पद्धत म्हणून मोजलेलं! एकच गोष्ट दोन कागदांवर विचारायची आणि उत्तरं जुळली की शोध लागला म्हणायचं. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात महागडी चूक.

टाळण्याला तिसरा प्रकार मानणारी एक प्रश्नावली १९९० मध्ये टोरोन्टोच्या नॉर्मन एंडलर यांनी जेम्स पार्कर यांच्यासोबत आणली. एंडलर चिंतेचे नावाजलेले अभ्यासक. सत्तरच्या दशकात ते स्वतःच नैराश्यात गेले होते. तेव्हा कामी आले विजेच्या झटक्यांचे उपचार, आणि १९८२ च्या पुस्तकात त्यांनी ते आडपडदा न ठेवता लिहिलं.