प्रिंट येते, पण स्कॅन होत नाही? प्रिंटर उचलून आणण्याआधी एवढे वाचा

आमच्याकडे ‘बिघडला’ म्हणून येणाऱ्या ऑल-इन-वन प्रिंटरपैकी बरेचसे बिघडलेले नसतातच. रिक्षातून मांडीवर घेऊन आणलेला प्रिंटर आम्ही दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडतो, तर प्रिंटही येते आणि स्कॅनही होते. घरी नेला की पुन्हा तेच. मग फोन येतो, “तुम्ही नीट बघितलंच नाही.”

म्हणून आधी घरीच एक करून बघा. कॉम्प्युटर बंद ठेवा, काचेवर आधार कार्ड ठेवा आणि प्रिंटरवरचेच कॉपीचे बटण दाबा. झेरॉक्स स्वच्छ आली तर स्कॅनरही ठीक आहे आणि छपाईही. दोष आहे तो प्रिंटर आणि कॉम्प्युटरच्या जोडणीत. अशा वेळी प्रिंटर एकटा आणून उपयोग नाही, लॅपटॉप सोबत हवाच. झेरॉक्सच फिकी आली किंवा रेघा पडल्या, तर मात्र बिनधास्त मशीन घेऊन या.

आता मूळ चूक. नवा प्रिंटर घरी येतो, खोका उघडतो आणि पहिल्यांदा काय होते, तर यूएसबी केबल लॅपटॉपला लागते. काही कंपन्या केबलच्या खाचेवर ‘आधी सॉफ्टवेअर टाका’ असा स्टिकर लावून देतात. तो सोलून केबल लावणारेही आहेत. केबल लागली की विंडोज स्वतःच एक जुजबी ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला लागणारे सॉफ्टवेअर) शोधून बसवते. त्यावर प्रिंट येते, म्हणून सगळे झाले असे वाटते. पण छपाईचा ड्रायव्हर वेगळा आणि स्कॅनचा वेगळा. हे उघडकीला येते ते पोरांच्या अ‍ॅडमिशनचे फॉर्म भरताना, शेवटच्या तारखेला, रात्री.

मग घाईघाईने कंपनीचा ड्रायव्हर त्याच्यावरच टाकला जातो आणि गुंता वाढतो. तसे करू नका. आधी केबल काढा. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडून तिथला प्रिंटर ‘रिमूव्ह’ करा. कंपनीचे सॉफ्टवेअर अर्धवट पडले असेल तर तेही अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. मग कंपनीच्याच साइटवरून तुमच्या मॉडेलचे पूर्ण पॅकेज घ्या, ‘बेसिक ड्रायव्हर’ नको. ते चालवा आणि स्क्रीनवर ‘आता केबल लावा’ असे येईल तेव्हाच केबल लावा. हबमध्ये (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडात) नको, थेट लॅपटॉपला. निम्म्या लोकांचे काम इथेच होते आणि आमची व्हिजिट वाचते. (हो, आमचे नुकसानच, पण त्या वेळेत दुसरीकडचे खरे बिघडलेले मशीन बघून होते.)

केबल दुसऱ्या पोर्टला लावल्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागला, तर यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लिहिलेला दुसरा प्रिंटर आलाय का बघा. तो निवडला की प्रिंट सुटते. वायफायवर सापडत नसेल तर बहुतेक स्वस्त मॉडेलांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क चालते, ५ चे नाही, हे लक्षात घ्या.

लॅपटॉप नवा आणि प्रिंटर जुना, ही तक्रार वेगळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि बऱ्याच घरांत विंडोज ११ आले. ही विंडोज फक्त ६४ बिटची आहे, आधीची ३२ बिटचीही यायची. ज्या प्रिंटरचा ड्रायव्हर ३२ बिटचाच निघाला, तो तिच्यावर बसत नाही. स्नॅपड्रॅगन चिपच्या लॅपटॉपला तर इंटेलसाठीचा ड्रायव्हरही चालत नाही, त्यासाठी वेगळा लागतो. तो कंपनीने काढलाच नसेल तर आम्ही स्पष्ट सांगतो, उगाच फॉरमॅट मारून पैसे घेत नाही. म्हणूनच प्रिंटर विकताना आम्ही आधी तुमचा लॅपटॉप कोणता ते विचारतो. ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त मिळतो, मान्य. पण आमच्याकडून घेतल्यास तुमच्याच लॅपटॉपवर प्रिंट, स्कॅन आणि मोबाइल, तिन्ही चालवून दाखवूनच आम्ही बिल करतो.

“नुसता ड्रायव्हर टाकायचे पैसे?” असे विचारणाऱ्यांना एकच सांगणे: टाकायला दहा मिनिटे लागतात, आधीचा घोळ साफ करायला तास जातो. व्हिजिटचा दर काउंटरवर लावलेला आहे. वर्षाचा करार केलेल्यांना तो लागत नाही.

ड्रायव्हर शोधताना नेटवर मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करून कुणाला तुमच्या स्क्रीनचा ताबा देऊ नका. बँक खाती अशीच रिकामी होतात.

येण्याआधी दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा: प्रिंटरच्या पाठीवरचा मॉडेलचा स्टिकर, आणि विंडोजचे बटण व आर एकत्र दाबून ‘विनव्हर’ (इंग्रजीत) टाइप केल्यावर येणारी चौकट. इंक टँकचा प्रिंटर आणणार असाल तर तो आडवा करू नका आणि ट्रान्सपोर्ट लॉक (नेताना शाई सांडू नये म्हणून दिलेली कळ) असेल तर लावा. सीटवर सांडलेली काळी शाई निघत नाही, रिक्षावाल्याशी वाद होतो. जून-जुलैत गर्दी असते, तेव्हा फोन करूनच निघा.