एक मोटर हजेरी बघते, दुसरी जोर

मोटरवाली सायकल म्हटलं की नाशकात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "पायडल मारलं की बॅटरी चार्ज होत असेल ना?" आणि "मोटर आहे तर पायडल मारायचं कशाला?" विचारणारे सायकलच्या बाबतीत अडाणी असतात असंही नाही. महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, ते याच गावचे. चढाच्या आधी गिअर हलका करायचा, सीट कमरेइतकी उंच ठेवायची, हे इथे शाळकरी पोरांनाही सांगावं लागत नाही. म्हणून साध्या सायकलबद्दल मी काही लिहीत बसत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही होत. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत मागच्या चाकात गिअरवाली हब मोटर असते आणि तिच्या आत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. चाक फिरलं तरी मोटर फिरत नाही, मग वीज कुठून येणार? याचा फायदा मात्र आहे. बॅटरी संपली तर मोटर चाकाला अडवत नाही, फक्त २०-२२ किलोची सायकल ओढत घरी यावं लागतं.

दुसऱ्याचं उत्तर सायकल कुठली यावर आहे. थ्रॉटलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मूठ पिळली की सायकल चालते, पाय स्वस्थ. ती हळू चालणारी स्कूटर आहे, पायडल नावापुरतं. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की लायसन्स आणि नोंदणी लागत नाही, वजनाचीही एक मर्यादा आहे. हे सगळ्यांना पाठ असतं, कारण दुकानदार तेच आधी सांगतो.

घोळ होतो तो 'पेडल असिस्ट', म्हणजे पायडल मारलं की मोटरची मदत, या दोन शब्दांपाशी. पस्तीस हजारांच्या सायकलवर हेच लिहिलेलं असतं आणि तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या सायकलवरही हेच. "साहेब, दोन्हीत पेडल असिस्टच आहे, ही जरा इंपोर्टेड." असं सांगणाऱ्या माणसाकडून मी सायकलचा पंपसुद्धा घेणार नाही. पायाला काय जाणवणार हे एका गोष्टीवर ठरतं: मोटरला तुमच्या पायांची खबर कोण देतं.

स्वस्त सायकलीत ती खबर केडन्स (पाय फिरण्याचा) सेन्सर देतो. डाव्या क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, मागे वाकून बघा. बऱ्याच सायकलींत धुरीवर बांगडीएवढी प्लास्टिकची चकती दिसेल, तिच्यात छोटी चुंबकं बसवलेली, आणि शेजारी वायर निघालेला एक ठोकळा. चुंबक समोरून गेलं की ठोकळ्याला कळतं, पाय फिरतायत, आणि पुढच्या दिशेने फिरतायत. त्याला एवढंच कळतं. तुम्ही दात-ओठ खाऊन रेटताय की नुसते पाय हलवताय, हे त्याला कळायची सोयच नाही. महागड्या सायकलीत ती खबर देतो टॉर्क (पिळाचा जोर) सेन्सर, आणि तो धुरीच्या आत असतो. पायडलवर जोर पडला की धुरीला जो अगदी बारीक पीळ बसतो तो हा मोजतो, सेकंदाला कित्येकदा. तुम्ही जितका जोर लावाल त्याच्या ठरावीक पटीत मोटर आपला जोर घालते. एक मोटर मस्टरवर सही बघून पगार देते, दुसरी झालेलं काम मोजून.

पायाला याचा अर्थ काय, तो रामकुंडाकडून मालेगाव स्टँडला वर चढताना कळतो. हिशेब म्हणून साधारण ६ टक्के चढ धरा, माणूस ७० किलोचा, सायकल २२ किलोची, वेग ताशी १२. एवढ्याला ढोबळमानाने २१५ वॉट लागतात. रोज न चालवणारा माणूस दम न लागता ८०-१०० वॉट देतो. म्हणजे साध्या सायकलवर तो एकतर वेग निम्म्यावर आणणार किंवा उतरून ढकलणार.

केडन्सवाल्या सायकलवर तोच माणूस सवयीने काय करतो? चढ आला की कंबर उचलतो, उभा राहतो, जोर लावतो. मोटरला त्याचं सोयरसुतक नाही. ती आधी जेवढं देत होती तेवढंच देते. वर जोर लावताना पाय अडखळून फिरायचे थांबले, तर तेवढंही बंद. नेमकं चढाच्या मध्यावर. इथे करायचं असतं उलट: गिअर हलका टाकायचा, बसून राहायचं आणि पाय फिरते ठेवायचे. मोटरने १८० वॉट घातले तर तुम्हाला ३५च द्यावे लागतात. म्हणूनच "यात कसला व्यायाम?" हा टोमणा या सायकलला लागू पडतो. व्यायाम करायचाय की नाही हे तुमच्या मनावर, सायकल विचारत नाही.

टॉर्कवाल्यावर तोच माणूस उभा राहिला की मोटरही त्याच्याबरोबर उठते. दुप्पट मदतीवर सेटिंग असेल तर तुमचे ७०, तिचे १४०, चढ पार. पण पाय ढिले सोडलेत की तीही ढिली पडते. केडन्सची सवय झालेले लोक या सायकलवर बसतात, नुसते पाय फिरवतात आणि "मोटर वीक आहे" म्हणून परत करतात. मोटर ठणठणीत असते. तुम्ही काही दिलंच नाही, तर ती कशाची पट करणार?

एकजण म्हणतो मोटरने पायडल फुकट होतं, दुसरा म्हणतो मोटर असूनही घाम फुटतो. तासभर वाद घालतात. दोघंही खरं बोलतायत, फक्त सायकली वेगळ्या आहेत.

केडन्सवाल्यात आणखी एक खोच आहे. मोटरला किती वीज सोडायची हे ठरवणाऱ्या बऱ्याच स्वस्त कंट्रोलरमध्ये १ ते ५ लेव्हल ही मदतीची नसते, वेगाची असते. लेव्हल १ म्हणजे ताशी दहा-बारापर्यंत ढकलणार, पुढे हात वर. लेव्हल ५ला मोटर एकटीच सायकल २४-२५वर नेते. आता ४४ दात्यांचं पुढचं चक्र, मागे १८, चाक २६ इंची असेल तर ताशी २५ला चेन ताणलेली राहायला मिनिटाला ८०-८२ फेऱ्या माराव्या लागतात. आपण आरामात मारतो ५५-६०. म्हणजे चाक पुढे, पाय मागे, फ्रीव्हील टिकटिकतंय आणि पायडल हवेत फिरल्यासारखं रिकामं लागतंय. लोकांना वाटतं चेन उतरली. चेन जागेवर असते. तिथे काही मिळवायचं असेल तर लेव्हल दोनाने उतरवा, पायाला लगेच भार लागेल.

गर्दीत हा फरक धोक्याचा होतो. मेनरोडला संध्याकाळी पुढे हातगाडी, बाजूला रिक्षा, तुम्ही तोल सांभाळायला पाव फेरी मारता. केडन्सवाली मोटर क्षणभर गप्प राहते, मग एकदम ढकलते. पाय थांबवले तरी ती लगेच सुटत नाही. म्हणून ब्रेकच्या दांडीत मोटर तोडणारं बटण असतं, आणि ते चालत नसेल तर ती सायकल रस्त्यावर काढू नका. टॉर्कवाली तिथे गुमान चालते. तिची खोड वेगळी: सिग्नलला एक पाय पायडलवर रेटून उभे राहिलात, तर ती पुढे उसळी घेऊ शकते. पाय सैल ठेवायचा, प्रश्न मिटला.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला सायकल चालवता येते आणि आवडते, त्याने पैसे साठवून टॉर्क सेन्सरच घ्यावा. १९९३मध्ये यामाहाने जपानमध्ये मोटर-मदतीची पहिली सायकल विकायला काढली, तीही पायाचा जोर मोजणारी होती. कल्पना मुळात तीच, हजेरीवाली नंतरची काटकसर. केडन्सला मी अगदीच मोडीत काढत नाही. गुडघ्यावर भार नको असणाऱ्याला, किंवा सातपूरला घाम न येता ड्यूटीवर पोचायचं असणाऱ्याला ती जास्त सोयीची, कारण ती पायाकडून काही मागतच नाही. पावसाळ्यात त्र्यंबकच्या दिशेने निघालात की पश्चिमेचा वारा तोंडावर आणि रस्ता हळूहळू चढता, तेव्हा तिचीही किंमत कळते. फक्त बॅटरी तिकडेच जास्त खर्च होणार हे धरून निघा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर. मोटर सतत १८० वॉट ओढत राहिली तर दोन तासांत खेळ खलास. जाहिरातीतले किलोमीटर सपाट रस्त्यावरचे, वारा नसतानाचे.

दुकानात सेल्समनला विचारू नका, सायकलला विचारा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर सगळ्यात हलका गिअर टाका, मदत मधल्या लेव्हलला ठेवा आणि हळू वेगात, अजिबात जोर न लावता पाय फिरवा. सायकल ताडकन पुढे गेली तर केडन्स. जागच्या जागी रेंगाळली आणि पाय रेटताच धावली तर टॉर्क. चक्कर मारू देत नसतील तर दुसरं दुकान बघा.